ऐकायला शिकलेली सून

आनंदराजनं लातूरला घर बांधून काढलं, त्याच वर्षी त्याची वहिनी पंचशीला नांदेडला पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. घराचं सगळ्यांना कौतुक होतं. वहिनीच्या शिक्षणाचं काय करावं, ते मात्र कुणाला कळत नव्हतं. किनवटकडच्या एका निवासी शाळेत ती मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. केस पिकायला लागलेले, मुलगा प्रेम पुण्याला नोकरीत रमलेला, आणि अशा वयात बाई रजा टाकून विद्यापीठात एम.ए.ला बसली. कशासाठी, तर शाळेतली समुपदेशक व्हायला. शाळेला समुपदेशक हवा होता आणि बाहेरून कुणी त्या जंगलात यायला राजी नव्हतं, हे एक कारण. दुसरं तिचं स्वतःचं होतं. वसतिगृहातून दरवर्षी एखादी मुलगी रेल्वेरुळाच्या कडेकडेनं घराकडं चालू लागायची. पंचशीला तिला गाठायची, समजवायची, पोटभर खाऊ घालून परत आणायची. काही महिने गेले की तीच मुलगी पुन्हा निघालेली असायची. आपण एवढं समजावतो ते जातं कुठं, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

सासू महामायाबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "बोलायचं शिकायला कालेजात जायची काय गरज हाय? तू तर जन्माची बोलती हायस."

ते काही खोटं नव्हतं. भावाभावांत वाटणीवरून बिनसलेलं असो की जमलेली सोयरीक मोडायला आलेली असो, पंचशीलाला बोलावणं यायचं. ती दोन्हीकडच्यांना समोर बसवायची आणि चहा उकळेपर्यंत तोडगा काढायची. घरादारात तिचा शब्द चालायचा.

विद्यापीठात तो चालेना. तिथं तिघातिघांचे गट करून सराव असायचा. एकानं आपलं खरंखुरं काही सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, तिसऱ्यानं नुसतं पाहायचं. मोबाइलवर सगळं ध्वनिमुद्रित व्हायचं आणि मग विरूपाक्ष सरांपुढं पुन्हा वाजायचं. सर उदगीरकडचे, हळू बोलणारे, पंचशीलाच्याच वयाचे. पहिल्याच सरावात वर्गातला व्यंकट नावाचा मुलगा तिच्यापुढं बसला. वडील आपल्याशी बोलत नाहीत, एवढंच त्यानं म्हटलं होतं. पंचशीलानं त्याला लगेच सांगितलं की सणाला घरी जा, वडिलांच्या पाया पड, बाप किती झालं तरी बापच असतो.

सरांनी मोबाइल थांबवला. म्हणाले, "सल्ला चांगला आहे, मॅडम. पण काय दुखतंय ते त्या पोराला अजून स्वतःलाच सापडलं नव्हतं. तो शोधत होता, आणि तुम्ही त्याला गावाकडच्या गाडीत बसवून दिलं."

वर्ग हसला. तिला आठवडाभर राग आला होता, सरांचा कमी आणि स्वतःच्या आवाजाचा जास्त. त्या ध्वनिमुद्रणात व्यंकटचा आवाज कुठं ऐकूच येत नव्हता.

मग हळूहळू जमत गेलं. आठवड्यातले काही दिवस नांदेडच्याच एका शाळेत प्रत्यक्ष काम असायचं. खोली नव्हती म्हणून ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटामागं तिला दोन खुर्च्या मिळाल्या होत्या. मुलं यायची, पंख्याखाली बसायची, काही न बोलता निघून जायची. पुन्हा यायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एखादं बोलायचं. तोवर गप्प राहणं हेच तिचं काम होतं, आणि आयुष्यात इतकं जड काम तिनं केलं नव्हतं.

एक धडा तेवढा तिच्या गळी उतरत नव्हता. मूल फार खचलेलं दिसलं तर त्याला सरळ विचारायचं, मरायचा विचार येतो का. आडून विचारायचं नाही, शब्द बदलायचा नाही. सरावात तिची जीभ अडायची. मुलाला असलं विचारणं तिला अशुभ वाटायचं. सर म्हणायचे, "विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच आत असेल तर त्याला बाहेर यायला दार मिळतं." तिनं ते पाठ केलं होतं. वापरायची वेळ अजून आली नव्हती.

आनंदराजच्या गृहप्रवेशाला जाताना, अहमदपूर मागं पडल्यावर, नवऱ्यानं तिला खरी गोष्ट सांगितली. रामकिशन किनवट आगारात कंडक्टर. गाडीत बसल्यावरच त्याला बोलायला सुचायचं. आनंदराजची मुलगी समीक्षा वसतिगृहातून घरी आली होती आणि परत जायचं नाही म्हणत होती. घर लातुरातच असूनही आनंदराजनं तिला बारावीसाठी एका निवासी तुकडीत ठेवलं होतं. घरी पाहुणे येतात, टीव्ही चालतो, अभ्यास होत नाही, असं त्याचं म्हणणं. मुलगी हुशार होती. डॉक्टर होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"आनंदा तुझ्यावर भरवसा ठेवून राहिला," रामकिशन म्हणाला. "म्हणतो, वहिनीचं आता शिक्षणच त्यातलं हाय."

घर छान झालं होतं. भंतेजी आले, सगळ्यांनी पांढरे कपडे घालून त्रिसरण-पंचशील घेतलं, परित्राणाचा, म्हणजे रक्षणाच्या पाठाचा, पांढरा दोरा हातोहात फिरला. समीक्षाच्या हाती तो आला तेव्हा तिनं तो न बघताच पुढं दिला. जेवणात खीर होती. लहानपणी वाटीभर जास्तीची खीर मागणारी ही मुलगी पानावर बसली, उठली, आणि तिच्या वाटीतली खीर तशीच होती. पंचशीलानं पाहिलं. यशोधरानंही पाहिलं असावं. यशोधरा म्हणजे समीक्षाची आई, पंचशीलाची धाकटी जाऊ. ती दिवसभर हसतमुख होती आणि पाठ वळली की पदरानं कपाळ पुसत होती.

पाहुणे पांगल्यावर घरची माणसं बैठकीत बसली. समीक्षा गच्चीवर गेली होती. आनंदराजनं विषय काढला. तो पाटबंधारे खात्यात अभियंता, घराण्यातला पहिला साहेब; बोलणं मुद्देसूद. परीक्षा तोंडावर आहे, शिकवणाऱ्यांचं म्हणणं मुलगी निवडीच्या यादीत येईल असं आहे, अशा वेळी अंगात आळस भरतो, सगळ्यांच्याच भरतो. मग तो पंचशीलाकडं वळला.

"वहिनी, तुम्ही संध्याकाळपर्यंत तिला तयार करा. सोमवारी मी नेऊन सोडतो."

"भाऊजी, मी तिला तयार करणार नाही," पंचशीला म्हणाली. "ती बोलली तर मी ऐकेन."

मग यशोधरा म्हणाली, "ऐकून काय होणार, ताई? आम्ही रोज ऐकतोच की. नाही म्हणते, एवढंच म्हणते." ती नवऱ्याच्या शेजारी बसली होती आणि त्याच्याच बाजूनं बोलत होती.

पंचशीलानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. आपल्याच घरच्या माणसाचं समुपदेशन करायचं नसतं, असा या कामाचा नियम आहे. घरच्या माणसाला घरचंच काही ना काही हवं असतं, ते मध्ये येतं. आनंदराज हसला. म्हणजे जगाला उपयोग आणि घरच्यांना नाही, असलं कसलं शिक्षण, असं तो म्हणाला. महामायाबाईंनी धाकट्या लेकाची री ओढली. नांदेडला जाऊन सून मुकी होऊन आली, असं त्या म्हणाल्या आणि त्यावर रामकिशनसुद्धा हसला.

नंतर त्यानं तिला मागच्या अंगणात गाठलं. भावाचं मन मोडू नको म्हणाला. प्रेमच्या शिक्षणात आनंदराजनं किती धावपळ केली होती, ते आठव म्हणाला. तिला ते आठवत होतं. म्हणूनच तर ती जिना सावकाश चढली. आजवर तिच्या शब्दाला या घरात जो मान होता, तो तोडगा काढण्यासाठी होता. तोडगा न काढणारी पंचशीला कुणाला हवी होती, ते तिला ठाऊक नव्हतं.

समीक्षा पाण्याच्या टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. पंचशीला तिच्याजवळ बसली. सवयीचं वाक्य ओठांवर आलं होतं, अगं, कंटाळा सगळ्यांनाच येतो. ते तिनं गिळलं. खाली कुणीतरी पातेली घासत होतं. सावली सरकली, तशा दोघीही थोड्या सरकल्या.

"तुला पाठवलंय ना, मोठी आई?" समीक्षानं विचारलं.

"हो. पण त्यांनी दिलेलं काम मी घेऊन आले नाही."

पंचशीलाच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. मग मुलगी बोलू लागली, जमिनीकडं बघत, सलग.

वसतिगृहात तिच्या शेजारच्या पलंगावर आरती नावाची मुलगी होती, चाकूर तालुक्यातल्या खेड्यातली. दोघी एकत्र जेवायच्या, एकमेकींचे प्रश्न सोडवायच्या. एका चाचणीत आरतीचे मार्क घसरले, मग पुढच्याही चाचणीत घसरले. एके दिवशी आरतीनं जीव द्यायचा प्रयत्न केला. न्हाणीघराचं दार समीक्षानं ढकललं होतं. ओरडलीही तीच. आरती वाचली. तिला गाडीत घालून नेलं, तेव्हा समीक्षाला ती शेवटची दिसली. वसतिगृहात मुलींना सांगितलं की टायफॉइड झाला. समीक्षाला वेगळं बोलावून बजावलं की हे कुठं बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. बाकीच्यांचं वातावरण बिघडतं. काही दिवसांनी त्या पलंगावर दुसरी मुलगी आली.

"आरतीला नेलं त्याच दिवशी दुपारी चाचणी होती," समीक्षा म्हणाली. "मी दिली. मला तुकडीत दुसरा नंबर मिळाला, मोठी आई. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले."

पंचशीलाला तिला छातीशी धरावंसं वाटलं. तिनं फक्त हात पुढं केला आणि मुलीनं तो धरल्यावर धरून ठेवला. तिच्या मनात आता एकच प्रश्न उभा होता. तो विचारायचा की नाही, यावर विचार करत बसलं तर विचारला जाणार नाही, हे तिला कळत होतं.

"समीक्षा, तुझ्या मनात मरायचा विचार येतो का?"

शब्द तोंडातून नीट बाहेर पडले. मुलीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत धक्का नव्हता. कितीतरी दिवस उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसानं, कुणी आत ये म्हटल्यावर पाहावं, तशी ती पाहत होती.

"येतो," ती म्हणाली. "नेहमी नाही. त्या पलंगाकडं लक्ष गेलं की येतो. मग वाटतं, उद्या बाबा परत तिथंच नेऊन सोडणार."

पंचशीलानं पुढचंही विचारलं, जसं शिकवलं होतं तसं. कधीपासून, काही ठरवलं आहे का, आज या क्षणी येतोय का. मुलगी उत्तरं देत गेली. ठरवलं काही नव्हतं. घरी आल्यापासून कमी झालं होतं. पण सोमवार जवळ येत होता.

"हे कुणाला सांगू नको," शेवटी ती म्हणाली.

"हे माझ्या एकटीजवळ ठेवून चालणार नाही, बाळा. दुसरं काहीही ठेवलं असतं. हे तुझ्या आईबाबांना सांगावंच लागेल. तू सांगायचं की मी, आरतीचं किती सांगायचं, ते तू ठरव."

समीक्षानं हात काढून घेतला. "म्हणजे तूपण त्यांच्यासारखीच," असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. पंचशीलाला ते लागलं, पण ती उठली नाही, बाजू मांडत बसली नाही. ऊन भिंतीवरून उतरलं. पाखरं पलीकडच्या लिंबावर परतू लागली, तेव्हा मुलगी म्हणाली, "तू सांग. मी शेजारी बसते."

दिवेलागणीला सगळे पुन्हा बैठकीत आले. पंचशीलानं सांगितलं, जेवढं ठरलं होतं तेवढंच, आवाज न चढवता. आनंदराज ऐकत होता आणि त्याचा चेहरा कठीण होत चालला होता.

"असा प्रश्न कुणी पोरीला विचारतं का, वहिनी? तिच्या डोक्यात नसलेलं तुम्ही घातलं असेल."

"मी विचारलं म्हणून आपल्याला कळलं, भाऊजी."

"तिला सोळावं-सतरावं चालू आहे. या वयात काहीही बोलतात."

तेव्हा यशोधरा नवऱ्याशेजारून उठली. पलीकडं जाऊन लेकीजवळ बसली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. समीक्षा प्रथम ताठ राहिली, मग सैल पडली. महामायाबाई दोघींकडं बघत होत्या. त्यांनी गुडघ्यावर हात टेकले.

"सोमवारी ती कुठं जायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आनंदा, तू शिकलेला हायस, मी न्हाई. पण पोरगी बोलली ते मी आयकलं. मी हितंच राहून राहिले तिच्याजवळ."

आनंदराजनं मोठ्या भावाकडं पाहिलं, जणू आता तोच एक उरला होता. रामकिशन खाली मान घालून बसला होता.

"ते पेढे मी बी खाल्ले, आनंदा," तो म्हणाला. "लई आनंदानं खाल्ले. आपल्या कुणालाच काही दिसलं न्हाई."

आनंदराज उठून बाहेर गेला. फाटकाजवळ बराच वेळ उभा राहिला. आत आला तेव्हा त्यानं फक्त विचारलं, "आता काय करायचं असतं?"

पंचशीलानं विरूपाक्ष सरांना फोन लावला. मुलीला एकटं ठेवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि बोलायला घराबाहेरचं माणूस द्या, असं त्यांनी सांगितलं. लातुरातच त्यांच्या ओळखीच्या एक समुपदेशक होत्या. घरातलं बाहेरच्या बाईला कशाला सांगायचं, तुम्हीच का नाही, असं आनंदराजनं विचारलं. आता त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता.

"मी तिची मोठी आई आहे," पंचशीला म्हणाली. "मला तेवढंच राहू द्या. तिला तेही लागेल."

सोमवारी ते डॉक्टरांकडं गेले. वसतिगृहातलं सामान आणायला आनंदराज एकटाच गेला. तिथं काय बोलणं झालं, ते त्यानं घरी सांगितलं नाही. समीक्षाच्या पुस्तकांचे गठ्ठे स्वतः उचलून वर ठेवले, एवढंच. परीक्षा यंदा द्यायची की नाही, हा प्रश्न तसाच राहिला आणि घरात पहिल्यांदाच कुणाला त्याची घाई नव्हती. पंचशीला नांदेडला परतली. सरांच्या खोलीत बसून तिनं सगळं सांगितलं, आपलं कुठं चुकलं ते विचारलं. सरांनी चूक काही काढली नाही. "तुमचं काय झालं त्या वेळी, आत?" असं विचारलं. तेव्हा कुठं तिला रडू आलं, आणि ते थांबेपर्यंत सर बसून राहिले.

काही आठवड्यांनी समीक्षाचा फोन आला. तिला आरतीला भेटायचं होतं. तिच्या समुपदेशक बाईंशी बोलून झालं होतं, आरतीच्या आईनंही या म्हटलं होतं. बाबा गाडीनं नेतो म्हणाले, पण मोठ्या आईनं बरोबर यावं, असं तिचं म्हणणं होतं. पंचशीला रविवारी चाकूरला उतरली आणि त्यांच्या गाडीत बसली.

आरतीचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. आरतीची आई दारातच उभी होती. तिनं समीक्षाच्या हाताला धरलं आणि थेट आतल्या खोलीत नेलं. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग कुणाचं तरी रडणं, मग दोघींचं, आणि बऱ्याच वेळानं समीक्षाचं न संपणारं बोलणं, मध्येच आरतीचं होकाराचं "हाव, हाव."

आरतीचे वडील शेषेराव बाहेर बाजेवर पाहुण्यांसोबत बसले होते. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. शाळेतून, वसतिगृहातून कुणी आलं नाही, तुमची लेक पहिलीच, एवढं ते म्हणाले. चहा आला. आनंदराजनं कप हातात घेतला. पंचशीलाला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं की तो आता बोलणार. लातूरच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव, कुणाची तरी ओळख, पुन्हा प्रवेश मिळवून द्यायचा उपाय. हे सगळं त्याच्या जिभेवर असणार, आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नसणार.

आनंदराजनं कप खाली ठेवला.

"आरती काय म्हणते आता?" त्यानं विचारलं.

शेषेराव शेंगांवर बसलेल्या चिमण्यांकडं पाहत राहिले. आनंदराज थांबला. त्याचा खिशातला फोन वाजला, त्यानं तो न पाहताच बंद केला. मग शेषेराव सांगू लागले, अडखळत, मधूनच मागं जाऊन, लेक लहान होती तिथपासून. चहावर साय धरली. आतल्या मुली आता हळू आवाजात बोलत होत्या. शेषेराव बोलत राहिले, आणि त्यांचं पुरं होईपर्यंत आनंदराज जागचा हलला नाही.